न्हाणीघरातला बॉयलर : दुरुस्त करावा की बदलावा?

(ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग)



या पानावर आपण एरवी बेणेप्रक्रिया, खोडव्यातले पाचट, हुमणीचा बंदोबस्त असले विषय वाचता. या खेपेस घरात पाणी तापविण्याच्या गिझरबद्दल लिहीत आहे. ऊस विकास अधिकाऱ्याने गिझरवर लिहावे म्हणजे सुताराने सोनारकी सांगावी, असे कोणी म्हणेल. पण तसे कारण घडले म्हणून लिहितो.

गेल्या थंडीत आमच्या गट कार्यालयात एक जुने सभासद आले. वयाने वडील, गावात सगळे त्यांना तात्या म्हणतात. पिशवीतून दोन वस्तू काढून त्यांनी टेबलावर ठेवल्या. एक ठिबकच्या लॅटरलचा वीतभर तुकडा आणि दुसरी कागदात गुंडाळलेली गिझरची कॉईल. लॅटरल उभा चिरला तर आत ड्रीपरवर पांढरा टणक थर. कॉईलवरही तोच थर, पण बोटभर जाड आणि मधूनमधून तडकलेला. तात्या म्हणाले, "साहेब, मेकॅनिक सांगतो नवा गिझर घ्या. तीन वर्षांत हा दुसरा. कंपनी खोटी का आमचं नशीब खोटं?"

कंपनीही खोटी नव्हती आणि नशीबही नव्हते. ठिबकला आणि गिझरला पाणी एकाच विहिरीचे होते. ठिबकला थर आला की तात्या वेळेवर ॲसिड सोडत, फिल्टर धूत, लॅटरलची तोंडे मोकळी करीत. गिझर मात्र बसवल्या दिवसापासून कोणी उघडून पाहिला नव्हता. त्या दिवशी तात्यांना जे तोंडी सांगितले तेच इथे सविस्तर देतो, कारण असे तात्या आपल्या कार्यक्षेत्रात पुष्कळ आहेत.

दोष पाण्याचा

भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले आणि प्रवरेच्या कालव्यांखालचा टापू बारमाही भिजू लागला. आपल्या अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातल्या भारी काळ्या जमिनीत निचरा कमी. पाणी देणे मात्र सढळ हाताने. त्यामुळे बऱ्याच ठिकाणी खालचे क्षार वर आले आणि विहिरींचे पाणी मचूळ झाले. अशा जमिनीला आपण फुले २६५ ची शिफारस करतो ती याचसाठी. कालव्यापासून दूर, नुसत्या विहिरी-बोअरवर ज्यांची भिस्त आहे त्यांचेही पाणी जड असतेच, कारण ते खडकातला चुना विरघळवून येते. घरातल्या बायकांना हे सांगावे लागत नाही. डाळ लवकर शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, हंड्याच्या बुडाला पांढरे कडे धरते.

पाणी किती जड आहे हे आपल्याला घरी बसून काढता येते. मातीबरोबर पाण्याचा नमुना तपासून आपण जो अहवाल आणता, त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम मिलिइक्विव्हॅलंट प्रति लिटर या मापात दिलेले असते. या दोन आकड्यांची बेरीज करा आणि तिला ५० ने गुणा. समजा, कॅल्शियम ६ आणि मॅग्नेशियम ४ आहे. बेरीज १०, म्हणजे जडपणा लिटरला ५०० मिलिग्रॅम. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात २०० पर्यंतचे पाणी चांगले धरले आहे, आणि दुसरी सोयच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यावे असे म्हटले आहे. आता हे ५०० चे पाणी रोज १०० लिटर तापवले तर दिवसाला ५० ग्रॅम चुनखडी गिझरमधून जाते. सगळी काही आत राहात नाही. दहावा हिस्सा राहिला असे धरू. दिवसाला ५ ग्रॅम, म्हणजे वर्षाला पावणेदोन किलोच्या वर! पंधरा लिटरच्या टाकीत हे ओझे कुठे बसणार? काही कॉईलवर, काही थर्मोस्टॅटच्या नळीवर आणि उरलेले बुडाशी गाळ होऊन.

असे होते का, तर जड पाण्यातला चुना बायकार्बोनेटच्या रूपात विरघळलेला असतो. पाणी तापले की त्यातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि न विरघळणारी चुनखडी खाली बसते. जिथे उष्णता जास्त तिथे ती आधी धरते. म्हणून टाकीपेक्षा कॉईलवर थर जाड. पाणी ६० अंशांच्या पुढे नेले तर हा थर फार भराभर वाढतो. ज्यांच्या गिझरला बाहेरून तापमानाची कळ आहे त्यांनी ती शेवटपर्यंत फिरवू नये, ५५ ते ६० च्या दरम्यान ठेवावी. आंघोळीला थंड पाणी मिसळावेच लागते, मग उकळते पाणी हवे कशाला?

कारखान्यात रस आटवायच्या इव्हॅपोरेटर बॉडीच्या नळ्यांत असाच थर बसतो. हंगामात ठरावीक दिवसांनी गाळप थांबवून किंवा मंद करून तो साफ करावाच लागतो. त्या दिवशी गव्हाणीपुढे गाड्या खोळंबतात आणि सभासद आमच्यावर चिडतात, हा सर्वांचा अनुभव आहे. घरच्या गिझरला मात्र कोणी 'क्लिनिंग'ची सुट्टी देत नाही.

पाणी उशिरा तापते

बहुतेक तक्रारींची सुरुवात इथून होते. "पहिल्यासारखा तापत नाही." पण पहिल्यासारखा म्हणजे किती, हे कोणी मोजलेले नसते. हिशोब सोपा आहे. १५ लिटर पाणी २० अंशांवरून ५५ अंशांपर्यंत न्यायला सुमारे ०.६ युनिट वीज लागते. कॉईल २००० वॅटची असेल तर वेळ साधारण १८ मिनिटे. २५ लिटरला एक युनिट आणि अर्धा तास. गिझरच्या अंगावरच्या पाटीवर लिटर आणि वॅट लिहिलेले असतात. एकदा घड्याळ लावून वेळ मोजा आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर टिपून ठेवा. थोडा फरक चालेल.

आता समजा वेळ तीस मिनिटे निघाली. लगेच मेकॅनिक बोलावू नका, आधी व्होल्टेज पाहा. वस्तीवर राहणाऱ्या सभासदांना हे विशेष सांगणे आहे. व्होल्टेज पडले की कॉईलची ताकद नुसत्या त्या प्रमाणात नव्हे, वर्गाच्या प्रमाणात घटते. २३० च्या जागी १८० व्होल्ट आले तर २००० वॅटची कॉईल जेमतेम १२२५ वॅट काम करते आणि १८ मिनिटांचे पाणी तीस मिनिटांवर जाते. गिझर बिचारा निर्दोष असतो. सकाळी सहा-सातला आजूबाजूची सगळी घरे एकदम पाणी तापवतात, तेव्हा हमखास असे होते. एकदा दुपारी तापवून पाहा. दुपारी वेळेत तापला तर दोष तारेतला आहे.

व्होल्टेज ठीक आणि तरीही वेळ लागतो, किंवा तापते वेळेवर पण एका बादलीत गरम पाणी संपते, तर आत काहीतरी आहे. बादलीत संपते याचा अर्थ बहुधा असा की बुडाशी गाळ साचून जागा अडली आहे, किंवा थर्मोस्टॅटच्या नळीवर थर चढल्यामुळे तो पाणी पुरते तापण्याआधीच वीज तोडतो. हे दुरुस्तीचे काम आहे. गिझर बदलण्याचे नाही.

एक गैरसमज इथे दूर करतो. थर बसला की वीजबिल दुप्पट येते असे दुकानदार सांगतात, ते तितकेसे खरे नाही. विजेच्या कॉईलची उष्णता उशिरा का होईना, पाण्यातच जाते. खरे नुकसान निराळे आहे. थराखाली कॉईलला आपली उष्णता बाहेर टाकता येत नाही, ती आतल्या आत भाजत राहते आणि एक दिवस तिची वरची तांब्याची नळी चिरते. मग काय होते ते पुढे येईलच.

आवाज, रंग आणि गळती

गिझर तापताना तडतड, करकर, कधी गुरगुर असा आवाज करू लागला तर समजावे की कॉईलवर थर बसला आहे. थराच्या भेगांत अडकलेले पाणी उकळून फुटते, त्याचा तो आवाज. सुरुवातीचा आवाज म्हणजे साफसफाईची वेळ झाली. महिनोन् महिने ऐकून न ऐकल्यासारखे केले तर कॉईल जाते.

पाणी तांबूस येते अशी तक्रार असेल तर एक पांढरा वाडगा घ्या. आधी थंड नळाचे पाणी धरा. तेही तांबूस असेल तर गंज वरच्या टाकीत किंवा पाइपात आहे. थंड स्वच्छ आणि गरम तेवढे तांबूस असेल तर गरम नळ बादलीभर सोडून पाहा. पहिले तांब्याभर लाल येऊन पुढे नितळ आले तर जुना लोखंडी पाइप गंजला आहे, तेवढा बदला. बादली भरेपर्यंत लालच येत राहिले तर गिझरची टाकीच आतून गंजते आहे.

टाकी गंजू नये म्हणून आत मॅग्नेशियमची एक कांडी बसवलेली असते. कंपनीवाले तिला ॲनोड म्हणतात. टोमॅटोच्या कडेला आपण झेंडू लावतो, अळीने टोमॅटो सोडून झेंडूवर जावे म्हणून. ही कांडी तशीच. गंज टाकीला खाण्याऐवजी कांडीला खातो. कांडी संपली की मग टाकीची पाळी. पाण्यात क्षार जितके जास्त तितकी ती लवकर झिजते. आपल्याकडच्या पाण्यात दरवर्षी काढून पाहावी आणि आतली तार दिसू लागली की बदलावी. नव्या गिझरच्या मानाने तिची किंमत किरकोळ आहे. पण माझा अनुभव असा की दहा घरांत विचारले तर नऊ घरांत अशी कांडी आत आहे हेच ठाऊक नसते. सर्व्हिसला आलेला माणूसही विचारल्याशिवाय सांगत नाही.

गळतीच्या बाबतीत घाई करू नये. गिझर बंद करून बाहेरून कोरड्या फडक्याने नीट पुसा. खाली कोरडा कागद पसरा आणि पाणी कुठून येते ते बघा. नळीच्या आट्यातून येत असेल तर वायसर किंवा नळी बदलून भागते. कॉईल जिथे बसवली आहे त्या झाकणाच्या कडेने येत असेल तर आतले रबर गेले आहे, तेही बदलता येते. सेफ्टी व्हॉल्व्हमधून फक्त तापताना थेंब-थेंब येत असेल तर तो दोष नव्हे. पाणी तापले की फुगते, त्याला वाट लागते. एरवीही सतत ठिबकत असेल तर व्हॉल्व्हमध्ये कचरा किंवा चुना अडकला आहे. या सगळ्या जागा कोरड्या आणि तरी पत्र्याच्या शिवणीतून किंवा आवरणाच्या बुडातून पाणी झिरपते, तर मात्र टाकी फुटली. तिला डाग देऊन, एम-सील लावून काही होत नाही. आत काचेसारखा लेप असतो, डाग दिला की तो उडतो. अशा गिझरवर दुरुस्तीचा एक रुपयाही घालू नये.

मुंग्या आल्या तर

आता जी गोष्ट सांगतो ती माझ्या घरची आहे, आणि ती सांगायला मला संकोच वाटतो.

आमची आई एक दिवस म्हणाली, "नळाला हात लावला की मुंग्या येतात रे." गळिताची धामधूम होती, तोडणीच्या याद्या चालल्या होत्या. मी म्हणालो, "ओल्या हाताने धरू नकोस." गिझर त्याआधी महिनाभर तडतडत होता, तेही कानावर होते. आठ दिवसांनी आईला नळ सोडताना जोराचा झटका बसला आणि ती मागे कोसळली. पायात प्लॅस्टिकची चप्पल होती म्हणून निभावले. वायरमनने उघडून पाहिले तर कॉईलची नळी थराखाली चिरलेली आणि वीज सरळ पाण्यात उतरलेली. तरी अर्थिंग ठीक असते तर वीज जमिनीत गेली असती. पण अर्थिंगची तार खड्ड्यापाशी कधीची तुटून पडली होती आणि घरात ईएलसीबी बसवलेला नव्हता. चूक कोणा कंपनीची नव्हती, माझी होती. ठिबकच्या ॲसिड प्रक्रियेवर मी गावोगावी भाषणे देत होतो!

म्हणून सांगतो, पाण्याला किंवा नळाला हात लावल्यावर नुसती मुंगी आली तरी त्याच क्षणी गिझरचे बटण नव्हे, मेन स्विच बंद करा. "पुन्हा एकदा बघू" असे करू नका. वायरमन येऊन कॉईल आणि अर्थिंग दोन्ही तपासत नाही तोवर त्या न्हाणीत कोणी जाऊ नये. कॉईल बदलता येते. अर्थिंग मात्र कॉईल बदलल्याने सुधारत नाही, हे त्याच वेळी करून घ्यावे. काळ्या जमिनीत उन्हाळ्यात भेगा पडतात, खड्डा कोरडा होतो आणि अर्थिंग नावालाच राहते. तिथे अधूनमधून पाणी ओतावे. ३० मिलिॲम्पिअरचा ईएलसीबी (आता आरसीसीबी म्हणतात) बसवलाच पाहिजे, आणि महिन्यातून एकदा त्यावरचे 'टेस्ट'चे बटण दाबून तो पडतो की नाही ते पाहावे. गिझर चालू करताच हा ईएलसीबी वारंवार पडत असेल तर काही जण तो खटका काढूनच टाकतात. तो आपल्याला हाक मारतो आहे, त्याचे तोंड बांधू नका.

वस्तीवरच्या मंडळींची आणखी एक खोड सांगायलाच हवी. न्यूट्रल नसला की जमिनीत गज ठोकून त्यावर दिवे लावायचे. तोच गज घरच्या अर्थिंगलाही जोडलेला असला तर गिझरचे सगळे अंग, नळ, पाइप यांत वीज खेळू शकते. अशा जोडणीवर गिझर लावणे म्हणजे जिवाशी खेळ आहे. तिथे बंब बरा.

प्लग किंवा सॉकेट गरम होते, काळे पडते, जळका वास येतो हेही पुष्कळदा दिसते. २००० वॅटला जवळजवळ ९ ॲम्पिअर करंट लागतो. पंख्याच्या छोट्या सॉकेटवर किंवा एक्स्टेन्शनवर तो लावायचा नाही. इथे गिझर चांगलाच असतो, सॉकेट आणि वायर बदलावी लागते. सॉकेट १६ ॲम्पिअरचे, तीन पिनांचे हवे.

आणि आंघोळीला जाण्याआधी गिझर बंद. घरातल्या लहानथोरांना ही सवयच लावा.

वाफ आली तर

वरच्या उलट एक प्रकार आहे. पाणी नको इतके तापते, नळातून वाफ फुरफुरत येते, दिवा विझतच नाही. म्हणजे थर्मोस्टॅट चिकटला आहे. मेन स्विच बंद करा, गरम नळ लगेच उघडू नका, तासभर निवू द्या. मग थर्मोस्टॅट आणि कट-आऊट दोन्ही बदलून घ्या.

कारखान्याच्या बॉयलरला दोन सेफ्टी व्हॉल्व्ह असतात, पाण्याची पातळी दाखविणाऱ्या दोन काचा असतात, आणि दरवर्षी बॉयलर निरीक्षकाच्या तपासणीशिवाय प्रमाणपत्र मिळत नाही. १९२३ च्या कायद्यापासून ही शिस्त चालत आली आहे, २०२५ च्या नव्या कायद्यातही ती आहे. अग्निप्रदीपनाला आपण नारळ फोडतो, पण त्याआधी बॉयलर तपासलेला असतो. घरच्या गिझरला एकच सेफ्टी व्हॉल्व्ह आणि निरीक्षक कोणी नाही. तो व्हॉल्व्ह चुन्याने चिकटला आणि थर्मोस्टॅटही अडकला, तर टाकी फुटू शकते. व्हॉल्व्हला छोटी दांडी असेल तर सहा महिन्यांतून एकदा, पाणी गार असताना, ती उचलून पाहावी. पाणी यायला हवे. नाही आले तर व्हॉल्व्ह बदला. ठिबकतो म्हणून त्याच्या तोंडात बूच मारणारे महाभागही मी पाहिले आहेत.

दुरुस्ती किती करावी?

कॉईल, थर्मोस्टॅट, रबर, व्हॉल्व्ह, ॲनोड कांडी, सॉकेट ही सारी बदलण्याजोगी अंगे. टाकी हे धड. धड शाबूत असेल तर अंगे बदलत राहावे, धड गेले तर थांबावे. आपल्या भागात नीट राखलेला गिझर आठ-दहा वर्षे जातो. न राखलेला तात्यांच्यासारखा दीड-दोन वर्षांत हात टेकतो. सात-आठ वर्षे झालेली आहेत आणि दुरुस्तीचा खर्च नव्याच्या निम्म्याच्या वर चालला आहे, तर नवा घ्यावा. एकाच वर्षात दुसरी कॉईल गेली तर मात्र नवा घेण्याआधी पाण्याचा अहवाल पाहावा, नाहीतर नव्याचीही तीच गत. तात्यांची टाकी ठणठणीत होती. फक्त कॉईल आणि कांडी बदलून, बुडातला गाळ काढून त्यांचा गिझर पुन्हा लागला आहे.

दुरुस्तीआधी वॉरंटीचा कागद शोधा. कॉईलची आणि टाकीची मुदत वेगवेगळी असते, टाकीची जास्त वर्षांची. बिल उसाच्या पावत्यांबरोबर फाइलला लावून ठेवले तर सापडते.

नवा घेताना आयएसआय चिन्ह आणि स्टारची पाटी पाहावीच, पण आपल्या पाण्याला आणखी दोन गोष्टी बघा. आतून काचलेप असलेली टाकी घ्या, कारण मचूळ पाण्यातल्या क्लोराइडने स्टेनलेस स्टीललाही बारीक भोके पडतात. आणि गाळ काढायचे बूच व ॲनोड कांडी सहज निघते का, कांडी तालुक्याच्या गावी मिळते का, हे दुकानातच विचारा. श्रीरामपूर, संगमनेर, राहुरीला न मिळणाऱ्या कांडीचा गिझर स्वस्त असला तरी घेऊ नका.

साफसफाई

वर्षातून एकदा, दिवाळीच्या अभ्यंगस्नानाआधी करावी. मेन स्विच बंद करून, पाणी निवल्यावर टाकी रिकामी करतात आणि कॉईल बाहेर काढतात. हे जाणत्या माणसाकडून करून घ्यावे. कॉईलवरचा थर स्क्रू-ड्रायव्हरने ठोकून काढू नये, नळीला ओरखडा पडतो. दोन लिटर कोमट पाण्यात चार-पाच चमचे लिंबूफूल टाकून त्यात फक्त तापणारा भाग रात्रभर बुडवून ठेवा. विजेच्या जोडणीचे टोक ओले होता कामा नये. सकाळी थर भुसभुशीत होतो, ब्रशने निघतो. मॅग्नेशियमची कांडी मात्र त्यात घालू नका, आम्ल तिला खाऊन टाकते.

आता मुद्द्याची सूचना. ठिबकसाठी आणलेले ॲसिड गिझरमध्ये ओतायचे नाही! दोन सभासदांनी हा प्रयोग केल्याचे माझ्या कानावर आहे. थर निघाला, पण त्याबरोबर तांबे आणि टाकीही गेली. ठिबकच्या नळ्या प्लॅस्टिकच्या असतात, त्यांना ते सोसते.

जोडणी झाल्यावर गरम नळातून अखंड धार येईपर्यंत पाणी भरू द्या, मगच बटण दाबा. रिकाम्या टाकीत कॉईल मिनिटभरात जळते. लाइट नसल्याने वरची टाकी भरलेली नसली तरी असेच घडते, सकाळी आधी नळाला पाणी आहे का पाहावे.

बाकीची साधने

गॅस गिझर असेल तर ज्योत पाहा. निळी असावी. पिवळी, लवलवती झाली, काजळी धरू लागली तर लगेच बंद करून दुरुस्त करावा. अशा ज्योतीतून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही. डोके जड होते, चक्कर येते आणि माणूस बंद न्हाणीत बसल्या जागी जातो. म्हणून गॅस गिझर न्हाणीघराच्या आत बसवूच नये, ज्योत ठीक असली तरीही. बंद खोलीत पेटता बंब आत नेणाऱ्यांनाही हीच सूचना.

तांब्याच्या बंबाचे बरे असते, सगळे उघड्यावर. तोटी ठिबकली, मधले नळकांडे झिजले की दिसते, आणि तांब्याला डाग देता येतो. आतला चुना आपल्या आज्या-पणज्या चिंचेने काढीत. त्यामागचे शास्त्र लिंबूफुलाचेच आहे.

छपरावरच्या सोलरला काचेच्या नळ्या असतील तर नळीच्या बंद टोकाला चांदीसारखा चकचकीत ठिपका असतो. तो पांढरा पडला की नळीतली निर्वात जागा गेली, तेवढी नळी बदलायची, अख्खा सोलर नव्हे. तांब्याच्या बारीक नळ्यांचा चपट्या पेटीचा सोलर जड पाण्याने लवकर तुंबतो.

ज्यांना पाणी तपासून घ्यायचे आहे त्यांनी नमुना पुढीलप्रमाणे घ्यावा. पंप दहा मिनिटे चालू द्यावा. स्वच्छ प्लॅस्टिकची बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळून काठोकाठ भरावी, झाकण घट्ट लावावे. औषधाची किंवा खताची बाटली वापरू नये. नाव, गट नंबर, विहीर की बोअर हे चिकटवून बाटली त्याच दिवशी आपल्या चिटबॉयकडे किंवा गट कार्यालयात द्यावी. गिझरचे गरम पाणी आणू नये, त्यातला चुना आधीच घरी राहिलेला असतो.